लेकरू उशिरा बसतंय, उशिरा बोलतंय: अशा घराला साथ कशी द्यायची

माझी अंगणवाडी सोलापुरात, विडी कामगारांच्या वस्तीत आहे. इथल्या बाया पान भिजवतात, कातरतात, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात आणि कारखान्यात माल देऊन येतात. अशा बाईला "लेकराला रोज दोन तास व्यायाम द्या" म्हटलं की ती मान हलवते आणि रात्री एकटी रडते. म्हणून नव्या सेविकांना आणि शेजारणींना मी आधी हेच सांगते: आईच्या दिवसात बसेल तेवढंच सांगा, एका वेळी एकच.

"पोरात काहीतरी कमी आहे" अशी सुरुवात नको. "अक्का, हा काय काय करायला लागलाय?" असं विचारा. मनातलं तीच बोलते. चार महिने झाले तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांचा होऊनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, किंवा येत असलेलं बोलणं बंद पडलं, तर थांबायचं नाही. सासूबाई म्हणतील, "ह्याचा बापही उशिराच बोलला." वाद घालू नका. "असेल, पण कान तरी तपासून घेऊ," एवढंच म्हणा. बोलत नसलेल्या लेकराचे कान पहिल्यांदा तपासायचे. शेजारी माग खडखडतात म्हणून ते आवाजाला सरावलंय, असं धरून चालू नका.

घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, अंगणवाडीत मराठी, म्हणून लेकरू गोंधळलंय, असंही पुष्कळ जण सांगतात. जास्त भाषांमुळे बोलणं अडत नाही. आईनं खुशाल तेलुगूतच बोलावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे लेकरं तपासणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना लेकरू दाखवा, पुढे पाठवायची चिठ्ठी घ्या. पण चिठ्ठी हातात देऊन मोकळं होऊ नका, पहिल्या खेपेला दवाखान्यात सोबत जा. जन्माच्या वेळचा डिस्चार्जचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड आणि मोबाईलमधला व्हिडिओ बरोबर असू द्या. डॉक्टरांपुढे लेकरू नुसतं रडतं, घरी कसं खेळतं ते व्हिडिओतच दिसतं. परतताना आई हमखास विचारते, "मी ग्रहणात भाजी चिरली होती, त्यानं झालं का?" नाही, त्यानं होत नाही. हे तिला स्पष्ट सांगा, आणि नवरा-सासूसमोर पुन्हा सांगा.

घरचा व्यायाम तिच्या कामात बसवा. बसायला शिकणाऱ्याला फिजिओथेरपिस्टला विचारून भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या लावून, आईच्या समोर बसवायचं. तंबाखूच्या सुपापासून मात्र लांब. वळता वळता ती बोलेल: "दोरा कुठंय? हा बघ दोरा." विचारून झालं की मनात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. लेकराला उत्तर द्यायला वेळ लागतो. भाकरी दुधात मऊ कुस्करून भरवताना त्याला आडवं ठेवायचं नाही, घास फुफ्फुसात जाऊ शकतो. सिद्धेश्वराला नवस बोलायचा तर बोलू दे, थेरपीची तारीख चुकू नये. "महिन्याभरात बोलतं करतो" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून मात्र घराला वाचवा.

कागदांचं काम शेजारच्या कॉलेजच्या पोरानं अंगावर घ्यावं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, स्वमग्नताही (ऑटिझम) त्यात येते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर (सरकारी वेबसाइटवर) अर्ज होतो. लहान लेकराचं प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरतं असतं, त्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषानं हालचाल अडणं), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

आणि शेजारणींनो, "काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. तिचा माल कारखान्यात देऊन या. तासभर लेकरू सांभाळा. थोरलीलाही थोडं खेळायला न्या, घरात सगळं धाकट्याभोवतीच फिरत असतं. लेकराला झटके येत असतील तर आधी माहिती करून घ्या: झटका आला की कुशीवर वळवायचं, वेळ बघायची, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन.