शाईपेनची निब घासून इटॅलिक (सपाट, चपट्या धारेची) करून घ्यायची तर पेन कोणतं?

मूळ निब ब्रॉडच, म्हणजे जाड टोकाचीच घ्या. फाईनच्या बारीक टोकाला घासण्याइतका धातूच नसतो. बारीक अक्षराला ०.६ ते ०.८ मिमी रुंदी पुरे, १.१ मिमीत ‘क्ष’, ‘ष्ट’ बुजतात. कोपरे किंचित गोल मागा, धारदार कोपरे कागदात रुततात.

दुकानातच, स्वतःच्या शाईने आणि पेन नेहमीसारखं धरून ‘श्री’ लिहून बघा. निबची धार ओळीला समांतर राहिली तर शिरोरेषा केसासारखी बारीक उमटते; ४५ अंशांत धरली की शिरोरेषा आणि काना सारखे जाड. देवनागरीला हेच शोभतं! एकच कड उमटत असेल तर आधी पेन बोटांत जरा फिरवा; तरीही तसंच राहिलं तर घासणी तिरकी. पावसाळ्यात दमट कागदावर शाई फुटते, तेव्हा निबला दोष देऊ नका.