हातात पदवी आहे आणि अमेरिकेत नर्स व्हायचंय: ॲक्सिलरेटेड बीएसएनच्या आधीची तयारी

दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी असेल, तर अमेरिकेत साधारण ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची बीएसएन पदवी घेता येते. याला ॲक्सिलरेटेड बीएसएन म्हणतात, बोलताना एबीएसएन. त्यानंतर एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या लायसन्ससाठीची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स (आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स). जोडीदारासोबत येऊन घरी बसावं लागलेल्या बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. झालेल्या कितीतरी जणींसाठी ही खरोखर चांगली वाट आहे. पण जाहिरातीतले ‘बारा महिने’ वर्ग सुरू झाल्यापासून मोजलेले असतात. भारतातून आलेल्या माणसाला त्याआधी एक ते दोन वर्षं लागतात आणि गाडी अडते ती तिथेच. म्हणून इथे कोर्सपेक्षा त्याच्या आधीच्या कामांबद्दल जास्त लिहिलं आहे.

भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालं असेल तर या वाटेला जाऊ नका. तुमची कागदपत्रं सीजीएफएनएसकडून (परदेशी नर्सिंग शिक्षण तपासणारी संस्था, २०२५ पासून नाव ट्रूमेरिट) तपासून घेऊन राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे एनक्लेक्ससाठी थेट अर्ज करता येतो. बोर्डाने एखादा विषय कमी पडतो असं सांगितलं तर तेवढाच भरून काढायचा. पुन्हा पदवीवर पैसे घालू नयेत.

सगळ्यात आधी व्हिसा बघा. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यायची गरज नाही. नोकरी मात्र ईएडीशिवाय, म्हणजे कामाच्या परवान्याशिवाय, करता येत नाही. ईएडी मिळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे जोडीदाराचा आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर असणं. त्यामुळे ग्रीन कार्डची प्रक्रिया कंपनी कधी सुरू करणार, हे कॉलेज शोधण्याआधी विचारून घ्या. ईएडी नाही म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि काही राज्यं त्याशिवाय नर्सिंगचं लायसन्स देत नाहीत. कॅलिफोर्नियात आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांना करासाठी मिळणारा नंबर) अर्ज चालतो. अनेक राज्यांत एकाच लायसन्सवर काम करू देणारं कॉम्पॅक्टचं (राज्यांच्या आपसातल्या कराराचं) मल्टिस्टेट लायसन्स मात्र सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय मिळत नाही. ज्या राज्यात राहायचं आहे त्या बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसने ‘काही अडचण येणार नाही’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका, कारण लायसन्स ते देत नाहीत.

एफ-१ वर येऊन हा कोर्स करण्याचा विचार असेल तर दहादा विचार करा. नर्सिंग स्टेम यादीत (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची सरकारी यादी) नसल्यामुळे ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, फक्त १२ महिन्यांचा. त्यात बेकारीचे जास्तीत जास्त ९० दिवस चालतात, आणि लायसन्स हातात येईपर्यंत त्यातलेच दिवस जातात. साध्या वॉर्ड नर्सच्या नोकरीवर एच-१बी सहसा मिळत नाही. हॉस्पिटलं ईबी-३ या नोकरीवर आधारित गटातून ग्रीन कार्डसाठी अर्ज करतात. त्यात नर्सना लेबर सर्टिफिकेशनमधून (जागेसाठी अमेरिकन माणूस मिळत नाही हे दाखवण्याची प्रक्रिया) सूट असली, तरी भारतीयांची रांग टळत नाही. शिवाय थिअरी ऑनलाइन असलेले बरेच एबीएसएन कोर्स एफ-१ च्या नियमांत बसत नाहीत.

दुसरं काम पदवीच्या मूल्यमापनाचं. कॉलेजला ‘कोर्स-बाय-कोर्स’ म्हणजे विषयवार रिपोर्ट लागतो, नुसता ‘डॉक्युमेंट’ रिपोर्ट नको. तो स्वस्त पडतो म्हणून मागवतात आणि पुन्हा पैसे भरतात. बी.ई.ची चार वर्षं असल्यामुळे प्रश्न येत नाही. तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.ला मूल्यमापन करणाऱ्या काही संस्था पूर्ण अमेरिकन पदवी मानत नाहीत, ‘तीन वर्षांचं शिक्षण’ एवढंच लिहून देतात. मग एबीएसएनचा दरवाजा बंद. डब्ल्यूईएस ही मूल्यमापन संस्था अशा पदवीला समकक्ष धरते, पण तुमच्या भारतातल्या शिक्षणसंस्थेला नॅकची ए किंवा वरची श्रेणी आणि तुम्हाला किमान सेकंड क्लास असेल तर. कॉलेज कोणत्या संस्थेचा रिपोर्ट घेतं हे आधी विचारा, मगच पैसे भरा. आणि ६२ टक्के आहेत म्हणून बिचकू नका. आपल्या फर्स्ट क्लासचं रूपांतर इथे चांगल्या जीपीएत (चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी) होतं, आणि बहुतेक कॉलेजांची किमान अट ३.० ची असते.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावी लागते. मुंबई, पुणे, नागपूर कुठलंही विद्यापीठ असो, भारतात असतानाच हे काम उरका. ते राहिलं असेल तर घरच्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन पाठवा.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते, ती नावाची. मार्कशीटवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. अमेरिकन क्लार्कला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत काढून ठेवा, पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही. कॉलेज, बोर्ड आणि एनक्लेक्सची नोंदणी या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा. ओळखपत्र आणि परीक्षेची नोंदणी यांतली नावं जुळली नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत, फीही जाते.

मग येतात प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय. ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, न्यूट्रिशन हे जवळपास सगळीकडे असतात. शास्त्राचे विषय लॅबसकट लागतात आणि अनेक ठिकाणी पाच ते सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेल्यांनाही म्हणूनच ॲनाटॉमी पुन्हा करावी लागते. त्याचा कमीपणा वाटून घेऊ नका, ‘ए’ ग्रेड मिळवून मोकळे व्हा. कम्युनिटी कॉलेजमध्ये हे विषय सर्वांत स्वस्त पडतात. ॲनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसऱ्याला घेत नाहीत, त्यामुळे सायन्सची पार्श्वभूमी नसेल तर तीन सेमिस्टर धरूनच चाला. चार-पाच कॉलेजांच्या अटी एका कागदावर समोरासमोर लिहा आणि सगळ्यांना चालतील असेच विषय घ्या. ऑनलाइन लॅब सगळीकडे चालत नाही. त्यासोबत टीज किंवा हेसी ही प्रवेश परीक्षा असते. टीजमध्ये १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. आपल्या लोकांचं गणित पक्कं असतं, घसरगुंडी होते ती इंग्रजी वाचनात.

कॉलेज निवडताना राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांचं ॲक्रेडिटेशन (दर्जाचं प्रमाणपत्र), दोन्ही तपासा. फेडरल (केंद्र सरकारचं) शैक्षणिक कर्ज एच-४ आणि एफ-१ ला मिळत नाही. सरकारी विद्यापीठाची इन-स्टेट फी (त्या राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) काही राज्यांत एच-४ वाल्यांनाही वर्षभराच्या वास्तव्यानंतर लागू होते, त्यामुळे घरभाड्याचे करार आणि लाइट बिलं जपून ठेवा. खर्च झेपत नसेल तर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची एडीएन ही नर्सिंगची पदवी करून आरएन व्हा आणि नोकरी करता करता बीएसएन पूर्ण करा. या वाटेला दुय्यम समजायचं काहीच कारण नाही, परीक्षा तीच एनक्लेक्स.

प्रवेश मिळताच लसींचे कागद मागतात, आणि हे काम महिनाभरात होत नाही. हेपटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांवर असतात. दोन डोसांची हेप्लिसॅव्ह-बी महिनाभरात पूर्ण होते, घाई असेल तर तीच मागा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांसाठी रक्ताची टायटर चाचणी, म्हणजे प्रतिकारशक्ती आहे का याची तपासणी, करा. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर बहुधा लस लागत नाही. एमएमआरच्या दोन डोसांत २८ दिवसांचं अंतर हवं, आणि गरोदरपणात ती देत नाहीत. टीबीच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लहानपणी बीसीजी टोचलेलं असल्यामुळे हातावरची ट्यूबरक्युलिन चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणीच मागा. ती एमएमआरच्याच दिवशी करा किंवा चार आठवड्यांनी, मधल्या काळात निकाल चुकू शकतो. पॉझिटिव्ह आली तरी प्रवेश जात नाही, छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरचा सल्ला लागतो. सीपीआरचं सर्टिफिकेट अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस कोर्सचं घ्या, सर्वसामान्यांसाठीचा हार्टसेव्हर चालत नाही.

गाडी चालवायला शिका. क्लिनिकलची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची, शिफ्ट बऱ्याचदा बारा तासांची, सकाळी सातच्या आधी हजर व्हायचं, आणि हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर असू शकतं. त्या वर्षी मुलांना शाळेत सोडायला-आणायला कोण, हे आधी ठरवा. बांगड्या आणि लांब नखं चालत नाहीत, मंगळसूत्र घरी ठेवा किंवा कपड्याच्या आत.

अभ्यासात पाठांतर पुरत नाही. औषधाच्या डोसचं गणित अनेक ठिकाणी ९० ते १०० टक्के अचूक लागतं. उदाहरणार्थ, २५० मिलीत २५,००० युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), रुग्णाचं वजन १५४ पौंड, ऑर्डर ताशी १८ युनिट प्रति किलो. पौंडाला २.२ ने भागून ७० किलो, म्हणजे ताशी १,२६० युनिट. एका मिलीत १०० युनिट, म्हणून पंप ताशी १२.६ मिलीवर. विद्यार्थी चुकतात ते पौंडाचे किलो करायला विसरून. पाच लिहिताना पुढे दशांश आणि शून्य द्यायचं नाही (५, ५.० नव्हे), अर्धा लिहिताना दशांशाआधी शून्य हवंच (०.५). डॉक्टरची ऑर्डर चुकीची वाटली तर विचारणं हे नर्सचं कर्तव्य आहे. मोठ्यांना उलट विचारायचं नाही या वळणात वाढलेल्यांना हे जड जातं, म्हणून लॅबमध्ये मोठ्याने बोलून सराव करा.

एनक्लेक्सची फी २०० डॉलर, बोर्डाची वेगळी. प्रश्न ८५ ते १५०, वेळ पाच तास. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल, कोणतं काम सहायकाला सोपवाल, असं विचारतात. रुग्णाची तपासणी आणि त्याला शिकवणं ही कामं सहायकाला सोपवायची नसतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी बरेच पर्याय गळतात. कोर्स संपल्यावर परीक्षा फार लांबवू नका. नवीन नर्ससाठीच्या रेसिडेन्सीच्या (नोकरीच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या) जागा कोर्स संपायच्या काही महिने आधीच भरायला लागतात. शेवटच्या टप्प्यात ज्या वॉर्डात प्रिसेप्टरसोबत (शिकवणाऱ्या अनुभवी नर्ससोबत) काम कराल, तिथल्या मॅनेजरला जागेबद्दल स्वतःहून विचारा, आणि पहिली नोकरी रात्रपाळीची मिळण्याची शक्यता धरून घराचं वेळापत्रक आखा.