टीव्हीच्या बॅकलाइटला दुसऱ्या कंपनीची पट्टी कशी बसवावी

आवाज येतो, पडदा मात्र काळा? खोलीत अंधार करा आणि टॉर्च पडद्याला टेकवून तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, शाबूत आहे; बॅकलाइट, म्हणजे तिच्यामागच्या पट्ट्यांवरचे एलईडी दिवे, गेलाय. दिवे सहसा एकसर, म्हणजे माळेसारखे एकामागे एक, जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला की बाकीचेही विझतात.

प्लग काढून १० मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो. उतरलाय ना, ते मीटरने बघा. सेट गादीवर पालथा घालून झाकण आणि केबली काढा, मग उताणा करून पुढची चौकट सोडवा. पॅनेल उचलायला दोघं लागतात. त्याच्या कडेची पातळ रिबन फाटली की विषय संपला. पांढऱ्या शीट्स कशा निघाल्या त्याचे फोटो काढून ठेवा.

सांगली-मिरजेत पट्टी घ्यायला जाताना जुनी पट्टीच पिशवीत टाका. कंपनीच्या नावाला इथे फारशी किंमत नाही. जुळायला हवी लांबी, दिव्यांची संख्या, दोन दिव्यांमधलं अंतर, कनेक्टरचा प्लस-मायनस आणि मुख्य म्हणजे दिव्याचा व्होल्ट: ३ की ६. समजा ३ पट्ट्यांवर मिळून २१ दिवे एकसर आहेत. ३ व्होल्टचे असतील तर ६३ व्होल्ट लागतात, ६ व्होल्टचे बसवले तर १२६. तेवढा ड्रायव्हरकडून (दिव्यांना वीज देणाऱ्या सर्किटकडून) निघत नाही आणि सेट लागतो-विझतो. अंतर चुकलं तर दिव्यावरची लेन्स पांढऱ्या शीटच्या भोकात बसत नाही.

एकच पट्टी बदलायची काटकसर नको. नवी उजळ, जुन्या मंद, पडद्यावर पट्टे दिसतात. शिवाय जुन्या महिन्या-दोन महिन्यांत जाऊ शकतात. सगळ्या पट्ट्या एकदम बदला. पट्टी पत्र्याला पूर्ण चिकटली पाहिजे, नाहीतर उष्णता बाहेर पडत नाही.

पॅनेल चढवण्याआधी एकदा लावून बघा, थेट दिव्यांकडे न पाहता. सगळं बसल्यावर मेनूत बॅकलाइट ६०-७० वर आणा. जास्त करंटने दिवे लवकर जळतात.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या सेटवर मात्र हा खटाटोप करू नका. रिबनच्या सांध्यांत गाळ गेलेला असतो, पट्टी बदलून काही होत नाही.

नंतर पडद्यावर पांढरा गोल ठिपका दिसला तर लेन्स निखळलीय. ती इपॉक्सीने चिकटवा. फेव्हिक्विकच्या वाफेने लेन्सवर पांढरी साय धरते.