ऑफ-सीझनमध्ये उत्तर इटलीतली तळी आणि जुनी शहरं निवांत कशी पाहावीत

आधी महिना ठरवा. कोमो तळ्याकाठचा हंगाम साधारण ईस्टरला सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर आटोपतो. त्यानंतर गर्दी ओसरते आणि खोल्यांचे दरही उतरतात. नोव्हेंबरमध्ये पाऊस फार, नाताळाच्या आसपास दर पुन्हा चढतात. म्हणून माझी पसंती 6 जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणानंतर ते मार्चअखेर. दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल, तर छत्री घेऊन जा.

व्हिसा लवकर उरका. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा.

मुक्काम कुठे, हा खरा प्रश्न. फोटो पाहून कोमो तळ्याकाठच्या बेल्लाजिओ गावात खोली घ्यायचा मोह होतो. तो आवरा. हिवाळ्यात तिथली बहुतेक हॉटेलं आणि दुकानं बंद असतात, संध्याकाळी जेवायला जागा शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा बाराही महिने माणसं राहतात अशा शहरांत उतरा आणि तळ्यावर दिवसा जाऊन या. कोमो, बेर्गामो आणि मांतोव्हा अशा तीन ठिकाणी दोन-तीन रात्री काढल्या तर पळापळ होत नाही.

कोमोत कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीकडे नीट बघा. दाराच्या दोन्ही बाजूंना थोरला आणि धाकटा प्लिनी या प्राचीन रोमन लेखकांचे पुतळे बसलेत. दोघेही ख्रिस्ती नव्हते, पण गावचे सुपुत्र, म्हणून त्यांना चर्चवर जागा मिळाली! हवा स्वच्छ असेल त्या दिवशी 1894 पासून चालणाऱ्या फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी गाडीने) वर ब्रुनाते गावाला जा.

बोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. मिलानहून तळ्याकाठच्या वारेन्ना गावाला रेल्वेने तासाभरात पोचता येतं, तिथून बेल्लाजिओ बोटीने पंधरा मिनिटांवर. डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा सकाळीच निघा. बागा आणि व्हिला बंद असण्याचीच शक्यता जास्त. पाणी, बर्फाचे डोंगर आणि रिकामे चढउताराचे बोळ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यालाच ही सहल मानवेल.

प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही. तिकीट कागदी असेल, तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

बेर्गामोत रात्री थांबा. वारेन्नाहून लेक्कोला गाडी बदलून इथे येता येतं. वरचं जुनं शहर व्हेनिसच्या राजवटीत बांधलेल्या तटबंदीच्या आत आहे. 2017 मध्ये हा तट युनेस्कोच्या यादीत गेला. रोज रात्री दहाला कांपानोने मनोऱ्याची घंटा शंभर ठोके देते. पूर्वी वेशीचे दरवाजे बंद होण्याची ती खूण होती. दिवसाची सहल करणाऱ्यांना ती ऐकू येत नाही.

मांतोव्हासाठी पूर्ण दिवस राखा, पण सोमवार नको. इटलीत बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. शहराला तिन्ही बाजूंनी मिंचो नदीच्या तळ्यांचा वेढा आहे, म्हणून हिवाळ्यात धुकं दाट. बाहेरचं दिसत नसलं तरी बिघडत नाही, इथलं बघण्यासारखं छपराखालीच आहे. ड्युकच्या राजवाड्यात चित्रकार मांतेन्याने 1474 मध्ये पूर्ण केलेली चित्रांची खोली आहे. तिच्या छतात रंगवलेल्या गोल झरोक्यातून माणसं वाकून खाली आपल्याकडे बघतात. पालाझ्झो ते या दुसऱ्या महालातलं राक्षसांचं दालन त्याच्या अगदी उलट: भिंती आणि छत आपल्यावर कोसळताहेत असंच वाटतं. एका दमात दोन्ही बघू नका, मध्ये जेवण घ्या.

जेवण दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. अधल्यामधल्या वेळी स्वयंपाकघर बंद. शाकाहारींनी मांतोव्हात भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली (पास्त्याचा प्रकार) मागवावेत, चव गोडसर असते. कोमो-बेर्गामोकडे मक्याच्या पिठाची पोलेंता आणि बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाचे, बटाटा-कोबी-चीज घातलेले पित्झोक्केरी हे पास्त्याचे पट्टे मिळतात. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते वासराच्या जठरातलं द्रव्य) चालत नसेल तर आधी विचारा, ग्राना पादानो या चीजमध्ये ते असतंच. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावलेले दिसतील. ती बसण्याची आकारणी आहे, वेगळी टिप देण्याची सक्ती नाही.