गड्ड्याचं जुनं रीळ टीव्हीवर आणताना चाल सांभाळा

सोलापुरात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून अजूनही आठ मिलिमीटरची रिळं निघतात. लग्न, मुंज आणि हमखास गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. माझ्याकडे असं रीळ आलं की रंग आणि ओरखडे मी नंतर बघतो, आधी वेग. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, पेलणारे मानकरी तोल सांभाळत सावकाश चालतात. टीव्हीवर ते तुरुतुरु पळताना दिसले, तर यात्रा दाखवली असं मी म्हणणार नाही.

रीळ आधी हुंगा. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म सडू लागली आहे. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर होतं. असं रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका, थेट स्कॅनिंगला द्या.

मग फिल्मच्या कडेची भोकं बघा. लहान भोक, फ्रेमच्या मध्यासमोर असेल तर सुपर ८, म्हणजे १९६५ नंतरचं. मोठं भोक, दोन फ्रेमच्या सांध्यावर असेल तर रेग्युलर ८. रेग्युलर बहुधा सेकंदाला १६ फ्रेमने घेतलेलं असतं, सुपर ८ बहुधा १८ ने. खात्री माणसांच्या चालीवरून करा.

आपला टीव्ही जुन्या पाल प्रसारण पद्धतीपासून सेकंदाला २५ फ्रेमचा. सुपर ८ च्या ५० फुटी रिळात ३६०० फ्रेम असतात. १८ ने ते ३ मिनिटं २० सेकंद चालतं, तसंच २५ वर टाकलं तर २ मिनिटं २४ सेकंदांत संपतं. म्हणून प्रत्येक फ्रेम एकदाच, सुटी स्कॅन करा. सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा वेग १८ ठेवून ती २५ च्या टाइमलाइनवर घ्या. सेकंदाला ७ फ्रेम दोनदा दिसतील, किंचित झटका जाणवेल, तो चालेल. फ्रेम ब्लेंडिंग, म्हणजे शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं, मात्र बंदच ठेवा, नाहीतर एका काठीच्या दोन पुसट काठ्या होतात.

स्कॅनर नसेल तर तीन पात्यांच्या शटरचा, वेग बदलता येणारा प्रोजेक्टर घ्या. कॅमेरा २५ फ्रेमवर, शटर १/५० सेकंदावर. पडद्यावरची लुकलुक थांबेपर्यंत प्रोजेक्टरचं बटण हळूहळू फिरवा. ती १६.६७ ला थांबते, कारण तीन पात्यांमुळे प्रत्येक फ्रेम तीनदा उजळते, आणि १६.६७ ची तिप्पट ५०, कॅमेऱ्याच्या शटरशी जुळणारी. नंतर १८ चं रीळ संगणकावर १०८ टक्के वेगाने चालवा.

२४ फ्रेमचा बोलपट सरळ २५ ने चालवतात. दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत आटोपतो, पण गाण्याची पट्टी चढते. ती आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली आणा.

घरच्यांना टीव्हीच्या फाइलसोबत सुट्या फ्रेमचा फोल्डरही द्या, आणि मूळ रीळ परत करा.