नव्या घरावर सोलर हीटर की सोलर पॅनेल? स्लॅब पडण्याआधी ठरवा

वीज देणारे पॅनेल घर बांधून पाच वर्षांनीही बसवता येतात. सोलर वॉटर हीटरचं तसं नाही. टाकीची उंची, गरम पाण्याची वेगळी लाइन, बाथरूमची जागा हे सगळं बांधकामातच ठरतं. नंतर सुचलं तर टाइल्स फोडाव्या लागतात. म्हणून विचाराची सुरुवात हीटरपासून करा.

1. गरम पाण्याचा हिशेब मांडा

बादलीने आंघोळ असेल तर माणशी 25 लिटर धरा, शॉवर असेल तर दुप्पट. म्हणजे चौघांना किमान 100 लिटर. एवढं पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 4 युनिट उष्णता लागते. चांगल्या उन्हात हीटर हे काम 2 चौरस मीटर कलेक्टरमध्ये, म्हणजे उन्हात पाणी तापवणाऱ्या भागात, करतो. 1 किलोवॉटचे पॅनेलही दिवसाला सरासरी 4 युनिट देतात, पण त्यांना सुमारे 10 चौरस मीटर मोकळी गच्ची हवी.

तरी सगळीकडे हीटरच घ्यावा असं नाही. नाशिक, पुणे, सातारा भागात थंडी चांगली पडते आणि ऊनही असतं, तिथे दोन्ही बसवावेत. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात गरम पाणी फारसं कुणाला नको असतं आणि पावसाळ्यात ऊनच नसतं. तिथे हीटरचे पैसे पॅनेलमध्ये घालणं जास्त शहाणपणाचं, कारण मे महिन्यातली जादा वीज नेट मीटरवर (घरात आलेली आणि घरातून गेलेली वीज मोजणारा मीटर) जमा होते. उरलेलं गरम पाणी कुठेच जमा होत नाही.

2. बोअरचं पाणी तपासून घ्या

पाणी जड असेल तर फ्लॅट प्लेट कलेक्टरच्या तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचतो आणि पाणी कोमट येऊ लागतं. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा हीटर घ्या. क्षार त्यातही बसतो, पण नळ्या रुंद असल्याने लवकर तुंबत नाहीत आणि काढून धुता येतात. या नळ्यांना एक पथ्य आहे: भर उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, तडकतात. भरायचं ते सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर.

3. टाकी आणि पाइप

तक्रारी सगळ्यात जास्त इथल्याच. गार पाण्याच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर वर हवा. नाहीतर वरची टाकी अर्धी झाली की गरम पाणी बंद. घरात प्रेशर पंप बसवणार असाल तर प्रेशर सहन करणारीच टाकी मागा. साधी गळायला लागते. 200 लिटरचा हीटर भरला की पाण्याचंच वजन 200 किलो, त्यामुळे स्टँडचे पाय बीमवर येऊ द्या.

गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), वरून इन्सुलेशन, आणि उतार सतत खाली. मध्येच पाइप वर चढवून परत खाली आणला की हवा अडकते आणि धार तुटते. हीटरच्या टाकीतली हवा सोडणारा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्या. पाऊण इंची पाइपच्या 15 मीटर लांबीत जवळपास 4 लिटर गार पाणी उभं असतं. ते रोज सकाळी आधी वाहून जाणार. म्हणून बाथरूम एकाखाली एक ठेवा, आणि लांबच्या बाथरूमला सरळ छोटा गीझर द्या.

4. पॅनेलसाठी आत्ता एवढंच करून ठेवा

जिन्याची खोली आणि टाकी गच्चीच्या उत्तर बाजूला घ्या. वास्तूवाले टाकी नैऋत्येला सांगतात, पण तिथल्या टाकीची सावली दुपारनंतर पॅनेलवर येते. एका पॅनेलवरची सावली त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या पॅनेलची वीज ओढून धरू शकते. सकाळी 9 ते 3 दक्षिणेकडे काही आड येत नाही ना, ते डिसेंबरमध्ये पाहा; तेव्हा सावली सर्वांत लांब असते.

पॅनेलच्या स्टँडसाठी काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या. नंतर ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकले की गच्ची तिथूनच गळते. गच्चीपासून मीटरच्या जागेपर्यंत दोन रिकामे पाइप भिंतीत टाका आणि तीन अर्थिंगसाठी अंगणात जागा सोडा: एसी (घराकडची वीज), डीसी (पॅनेलकडची वीज) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा), तिन्ही वेगळी.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलला 1 किलोवॉटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा जास्त किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, मात्र पॅनेल आणि त्यातले सेल भारतीय बनावटीचे हवेत. हीटरला या योजनेत काही मिळत नाही.

लोडशेडिंगच्या गावात एक गोष्ट विक्रेत्याला आधीच विचारा. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा साधा, ग्रिडवरचा (वीज कंपनीच्या लाइनवर चालणारा) इन्व्हर्टर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये. तेव्हाही पंखे चालायला हवे असतील तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, आणि तो खर्च वेगळा धरावा लागेल.