लॅपटॉपची स्क्रीन घरीच बदलली, माझा अनुभव
स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या म्हणून आधी एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघितलं तर तिथे चित्र एकदम स्वच्छ, म्हणजे ग्राफिक्स (चित्र तयार करणारा भाग) ठीक, भानगड पॅनेलची (म्हणजे खुद्द स्क्रीनची) नाहीतर बिजागरीतून जाणाऱ्या केबलची. झाकण पुढेमागे केलं तरी रेघा जागच्या हलेनात, केबल असती तर बहुतेक वेळा चित्र येतं-जातं, म्हणून पॅनेलच बदललं.

नवीन पॅनेल नुसत्या लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका हां, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे पॅनेल असतात, जुन्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा नंबर बघा आणि केबल जिथे जोडते तो कनेक्टर 30 पिनचा की 40 पिनचा तेही. खोलताना आधी बॅटरीची केबल काढायची, मगच बाकीचं. कडेची फ्रेम जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवली, क्लिपा कटकट वाजतात तेव्हा जीव वरखाली होतो पण ते चालायचंच. कनेक्टरवर चिकटपट्टी आणि बारीक तारेची कडी होती, ती उचलून केबल सरळ मागे सरकवायची, वर उपटायची नाही.

फ्रेम बसवायच्या आधी एकदा चालू करून बघा. आणि स्क्रीन काळी पण टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसत असेल तर बॅकलाइट (स्क्रीनला मागून उजेड देणारी) गेलीये, तेव्हाही पहिली केबल तपासा.